इवल्याशा बियांपासून रोपं: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

गच्चीवर, बाल्कनीत किंवा घरामागच्या वाफ्यात बारीक बिया पेरणाऱ्यांसाठी हे पान आहे. सोसायटीतले शेजारी, शाळेतली मुलं आणि पहिल्यांदाच कुंडी हातात घेतलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेच इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्यामागचं कारण कळलं की प्रत्येक बीसाठी वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

बी एवढंसं, मग एवढं मोठं झाड येतं कुठून?

हा प्रश्न सगळ्यात आधी मुलंच विचारतात, आणि तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे. बहुतेकांना वाटतं की झाड माती खाऊन वाढतं. बेल्जियमच्या यान व्हान हेल्मोंट यांनी हे तोलून पाहिलं. एका कुंडीत सुमारे ९० किलो सुकवलेली माती घेऊन त्यांनी विलोचं लहान रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं जवळपास ७७ किलो. माती पुन्हा सुकवून तोलली, तर ती कमी झाली होती अवघी ५०-६० ग्रॅम. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये छापला गेला. झाड पाण्यातूनच घडतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच खरा होता. उरलेला मोठा वाटा हवेचा आहे, हे पुढच्या पिढ्यांनी शोधलं. वाळलेल्या झाडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो पानांनी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतलेला असतो.

म्हणजे झाडाचं वजन बीमध्ये नसतंच. बीमध्ये असतो एक तयार अंकुर, म्हणजे चिमुकलं मूळ, चिमुकला कोंब आणि एक किंवा दोन बीजपत्रं. सोबत थोडी शिदोरी असते. ही शिदोरी एकाच कामासाठी पुरायची असते: मूळ पाण्यापर्यंत आणि पहिलं पान उजेडापर्यंत पोचवायचं. पान हिरवं झालं की रोप स्वतःचं अन्न स्वतः करतं. नारळाची शिदोरी महिनोन्‌महिने पुरते, राजगिऱ्याची जेमतेम काही दिवस. पुढे खोली, पाणी, उजेड, थंडी यांच्याबद्दल जे काही लिहिलं आहे, ते सगळं या शिदोरीच्या आकारावरून ठरतं.

बारीक बी म्हणजे नेमकं किती बारीक?

स्वयंपाकघरातूनच सुरुवात करा. एक ग्रॅम मेथीत साठेक दाणे बसतात. एक ग्रॅम कांद्याच्या बियांत साधारण अडीचशे ते तीनशे, टोमॅटोत तीनशेच्या वर, नागलीत साडेतीनशे-चारशे, राजगिऱ्यात हजाराच्या पुढे. फुलझाडांकडे वळलात की आकडे एकदम चढतात. पेटुनियाच्या एका ग्रॅमला आठ-दहा हजार बिया येतात, तर बेगोनियाच्या ५० हजारांहून जास्त. म्हणूनच पेटुनियाचं बी बाजारात अनेकदा मातीचं कवच चढवून, गोळी करून विकतात. नाहीतर ते चिमटीत धरताच येत नाही.

दुसऱ्या टोकाला सेशेल्स बेटांवरचा जोडनारळ आहे. त्याचं एकेक बी १५ किलोंच्या वर भरू शकतं.

बी किती खोल पेरायचं?

जुनी रीत अशी की बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर यावी. वाल, भोपळा, भेंडी यांना ती अगदी बरोबर बसते. बारीक बीच्या बाबतीत मात्र हात जड पडतो. टोमॅटो, मिरची, वांगं यांच्यावर अर्धा सेंटीमीटर माती पुष्कळ झाली. राजगिरा, तुळस, पेटुनिया यांच्यावर माती टाकूच नका. बी ओल्या मातीवर भुरभुरवा, तळहाताने हलकेच दाबा आणि सोडून द्या.

यामागे दोन कारणं आहेत. पहिलं शिदोरीचं. दोन सेंटीमीटर खाली गेलेल्या राजगिऱ्याचा कोंब वर येईपर्यंत त्याचं अन्न संपतं आणि तो मातीतच मरतो. आपण म्हणतो बी खराब होतं; बी चांगलंच असतं.

दुसरं कारण उजेडाचं. अनेक बारीक बिया उजेड दिसल्याशिवाय उगवायला तयारच होत नाहीत. मातीत काही मिलिमीटरच्या खाली उजेड जवळजवळ पोचत नाही, त्यामुळे उजेड हाच बीला आपण वरच्या थरात असल्याचा इशारा असतो. १९५२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधकांनी, बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने, लेट्यूसच्या बियांवर हे फार सुंदर दाखवलं. तांबडा प्रकाश दिला की बिया उगवत. त्याच्या पलीकडचा, माणसाला जेमतेम दिसणारा गडद तांबडा प्रकाश दिला की थांबत. दोन्ही आलटून पालटून कितीही वेळा दिले तरी शेवटी कोणता दिला, त्यावर सगळं ठरे. बीच्या आत हा प्रकाश ओळखणारं एक रंगद्रव्य असतं, त्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळालं.

पहिल्या पावसानंतर नांगरलेलं रान आठ दिवसांत हिरवं का होतं, याचंही हे एक उत्तर आहे. कुरडू, टाकळा, गाजरगवत यांचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून असतं. नांगराने माती उलटली, काही बिया वर आल्या, उजेड आणि ओल एकदम मिळाली की ती सगळी एकत्र उठतात.

बी पाण्यात फुगलं, म्हणजे ते जिवंत आहे ना?

नाही. मेलेलं बीसुद्धा फुगतं. कोरडं बी पाणी शोषतं ती निव्वळ भौतिक क्रिया आहे. सब्जा पाण्यात टाकल्यावर त्याच्याभोवती जो बुळबुळीत थर येतो, तोही बीच्या सालीवरच्या चिकट पदार्थामुळे येतो. जिवंतपणाचा तो पुरावा नव्हे.

खरी गंमत फुगल्यानंतर सुरू होते. जव, गहू यांसारख्या धान्यांच्या दाण्यात ती नीट अभ्यासली गेली आहे. पाणी मिळालं की अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते दाण्याच्या सालीखालच्या थरापर्यंत पोचतं आणि तो थर अमायलेज हे विकर तयार करू लागतो. हे विकर साठवलेल्या पिठाची साखर करतं आणि ती साखर अंकुराला मिळते. नागली मोडवून केलेलं सत्त्व गोडसर लागतं ते याच साखरेमुळे. म्हणजे शिदोरी उघडण्याचा हुकूम आतल्या अंकुराकडूनच येतो. मेलेल्या बीत शिदोरी शाबूत असते, ती उघडायला सांगणारा कोणी उरलेला नसतो.

म्हणून मूळ बाहेर येईपर्यंत बी उगवलं असं धरू नका. आणि मूळ दिसल्यावर पुन्हा कोरडं पडू देऊ नका. कोरडं बी वर्षभर थांबू शकतं, पण एकदा मूळ फुटल्यावर दुपारच्या उन्हात तासभर सुकलं तरी बारीक रोप गेलंच.

माती कोणती घ्यावी?

शेतातली काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरते, वाळली की भेगाळते, आणि वर कडक थर आला की बारीक कोंबाला तो फोडता येत नाही. दोन भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि थोडी बारीक वाळू पुरते. कोकोपीटची वीट धुवायला विसरू नका, त्यात क्षार असतात. बियांच्या ट्रेला जास्त खत लागत नाही. सुरुवातीचे दिवस रोप स्वतःच्या शिदोरीवरच असतं.

अगदी बारीक बी असेल तर चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून पसरा, म्हणजे एकाच जागी ढीग पडत नाही. पाणी वरून ओतू नका. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा आणि पृष्ठभाग ओला दिसला की उचला.

नाशिकमध्ये काय कधी पेरावं?

पुण्या-मुंबईची वेळापत्रकं इथे जशीच्या तशी चालत नाहीत. आपल्याकडची थंडी खरी असते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा अनेकदा दहाच्या खूप खाली जातो आणि शहरातही रात्री बोचऱ्या असतात. मिरची, वांगं, टोमॅटो या उबेच्या बिया आहेत. त्यांना २५ अंशांच्या आसपासची ऊब मिळाली तर टोमॅटो आठवड्यात आणि मिरची दहा-पंधरा दिवसांत उगवते. डिसेंबरच्या शेवटी पेरलेली मिरची महिनाभर नुसती बसून राहते आणि त्या अवधीत अनेकदा कुजते. त्यामुळे घरच्या टोमॅटो-मिरचीचं बी जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरमध्ये टाका. थंडीतच टाकायचं असेल तर ट्रे रात्री घरात, फ्रिजच्या वर किंवा माळ्यावर ठेवा.

कोथिंबीर, पालक, गाजर, पेटुनिया यांचं उलटं आहे. त्यांना गारवा हवा. ऑक्टोबरची उन्हं ओसरली की त्यांची वेळ. कोथिंबिरीचा प्रत्येक धणा म्हणजे दोन बिया चिकटलेलं फळ आहे, म्हणून पेरण्याआधी धणे हलके रगडून दोन फाकी करायच्या. एप्रिल-मेच्या उन्हात कोथिंबीर पेरलीत तर उगवण विरळ होते, आणि जी येते ती लगेच फुलावर जाते.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाका. राजगिरा आणि तांदुळजा कडक थंडी सोडली तर जवळपास वर्षभर येतात. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी पावसाळ्यात ट्रे छपराखालीच ठेवावेत. तिकडच्या सरी बारीक बी मातीतून धुऊन नेतात.

कांद्याचं बी घरी कुंडीत लावता येईल का?

येईल, आणि नाशिकमध्ये राहून एकदा तरी लावाच. आपला जिल्हा कांद्यासाठी देशभर ओळखला जातो, लासलगावच्या भावाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण कांद्याचं बी उगवताना शहरातल्या फार थोड्या लोकांनी पाहिलं आहे.

बी काळं, कोनदार, सुरकुतलेलं असतं. शेतकरी त्याला उळं म्हणतात. उगवताना सरळ कोंब वर येत नाही. आधी मातीतून एक हिरवा गुडघा निघतो, दोरा दुमडल्यासारखा. त्याचं एक टोक मुळाकडे, दुसरं अजून मातीत बीच्या आत असतं आणि तिथली शिदोरी शोषत असतं. दोन-चार दिवसांनी तो गुडघा सरळ होतो आणि टोकावर बीचं काळं टरफल टोपीसारखं वर उचललं जातं. कांद्याला एकच बीजपत्र असतं आणि तेच एकाच वेळी आत अन्न शोषतं आणि बाहेर उजेड घेतं. ते टरफल हाताने ओढून काढू नका, टोक तुटतं.

जिल्ह्यात कांद्याचे तीन हंगाम आहेत. पावसाळी म्हणजे पोळ कांदा, त्यानंतरचा रांगडा, आणि चाळीत साठवायचा उन्हाळ कांदा. घरच्या कुंडीसाठी उन्हाळ कांदा निवडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी टाकायचं, दीड-दोन महिन्यांची रोपं डिसेंबर-जानेवारीत बोटभर अंतरावर लावायची, आणि एप्रिलमध्ये माना पडू लागल्या की काढायचं. जात निवडताना हंगाम विचारून घ्या. एन-२-४-१ किंवा ॲग्रीफाउंड लाइट रेड उन्हाळ कांद्यासाठी, बसवंत ७८० आणि ॲग्रीफाउंड डार्क रेड पावसाळ्यासाठी. यातली बसवंत ७८० ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पिंपळगाव बसवंत इथे विकसित केलेली, आणि ॲग्रीफाउंडच्या जाती राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानच्या, ज्याचं केंद्र आपल्याच चितेगाव फाट्यावर आहे. जात चुकली तर पात भरपूर येते पण गाठ धरत नाही, कारण गाठ धरायची की नाही हे कांदा दिवसाच्या लांबीवरून आणि उष्णतेवरून ठरवतो.

घरचं बी धरायचं असेल तर दोन हंगाम लागतात. पहिल्या हंगामात बीपासून कांदा, दुसऱ्यात तोच चांगला कांदा पुन्हा लावून त्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येऊ द्यायचे. डेंगळ्याच्या टोकाला पांढरा गोंडा येतो, मधमाश्या येतात, आणि एप्रिल-मेमध्ये गोंड्यात काळं बी दिसू लागतं. शेतात बियाण्यासाठी लावलेल्या दोन जातींत किमान ५०० मीटरचं अंतर ठेवतात, कारण मधमाशी दोन्ही वावरांत जाते.

रोपं लांब, फिकट आणि लुळी का होतात?

उजेड कमी पडतो म्हणून. हे सगळ्यात छान दिसतं ते नवरात्रात. घटस्थापनेला परडीत काळी माती पसरून आपण गहू आणि इतर धान्य पेरतो, रोज पाणी घालतो, आणि नवव्या दिवशी हातभर नाही तरी वीतभर पिवळंधमक धन तयार होतं. दसऱ्याला ते टोपीत, कानावर खोवलं जातं. पिवळं का? देवघराच्या अंधुक जागेत हरितद्रव्य तयार होत नाही. अंधारात असलेल्या कोंबाला वाटतं आपण अजून मातीखालीच आहोत, म्हणून तो सगळी शिदोरी लांबी वाढवण्यावर खर्च करतो. गव्हाच्या दाण्यात नऊ दिवस पुरेल इतकं अन्न असतं म्हणून घट बहरतो. त्याच जागी राजगिरा पेरला तर चार-पाच दिवसांत आडवा होईल.

टोमॅटोची रोपं खिडकीच्या आत ठेवली की हेच होतं. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे सकाळचं ऊन मिळेल अशा जागी न्या. लांबलेली टोमॅटोची रोपं पुन्हा लावताना बीजपत्रांपर्यंत मातीत गाडता येतात, खोडाला मुळं फुटतात. कांदा किंवा कोथिंबिरीला हा उपाय चालत नाही.

काल उभी असलेली रोपं आज मुळाशी बारीक होऊन कोलमडली. काय झालं?

याला रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी आणि बुरशीसारख्या जीवांमुळे जमिनीलगतचं खोड सडतं. ते मातीत असतातच. दाटी, सतत ओल आणि कोंदटपणा मिळाला की वाढतात. ऑगस्टमधल्या सलग पावसाळी हवेत हा त्रास सर्वात जास्त. पडलेलं रोप वाचत नाही. शेजारची वाचवायची असतील तर पडलेली मातीसकट काढा, पाणी थांबवा, ट्रे वाऱ्यावर ठेवा. पुढच्या वेळी बी विरळ टाका, पाणी सकाळीच द्या, आणि पेरणीआधी मिश्रणात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळा. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ते मिळतं.

पेरलेलं बी मुंग्या नेतात, काय करू?

ट्रे पाण्याच्या ताटलीत विटांवर ठेवा, म्हणजे मुंग्यांना वाट राहत नाही. चिमण्या-बुलबुलांसाठी वर जुनी मच्छरदाणी पुरते.

बी उलटं पडलं तर रोप खाली वाढेल का?

नाही. बी कसंही पडो, मूळ खाली आणि कोंब वर जातो. थॉमस नाइट यांनी १८०६ मध्ये बिया पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बांधून उगवल्या. चाक इतकं जोरात फिरत होतं की मुळं खाली न जाता चाकाच्या बाहेरच्या दिशेला गेली आणि कोंब मध्याकडे वळले. म्हणजे मूळ अंधार किंवा ओल शोधत नव्हतं, ओढ ओळखत होतं. मुळाच्या टोकाच्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात, ते खालच्या बाजूला बसतात आणि त्यावरून मुळाला दिशा कळते. मुलांना दाखवायचं असेल तर काचेच्या ग्लासात ओला टिपकागद गुंडाळून त्यात वालाचे दाणे वेगवेगळ्या दिशांनी ठेवा. मूळ निघालं की ग्लास आडवा करा. दुसऱ्या दिवशी मूळ काटकोनात वळलेलं दिसेल.

मागच्या वर्षीचं बी चालेल का?

जातीवर आणि ठेवण्यावर अवलंबून आहे. कांद्याचं बी फार लवकर जातं. साध्या डब्यात एका पावसाळ्यानंतर त्याचा भरवसा धरू नका. टोमॅटो, वांगं नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं उगवतं. बीचा खरा शत्रू दमटपणा. बीतला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाणं साठवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. म्हणून जुलैआधी बी सावलीत खडखडीत वाळवून, हवाबंद काचेच्या बाटलीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आत दव धरतं.

शंका असेल तर पेरण्याआधी तपासा. शंभर नाही तर निदान वीस बिया ओल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी मोजा. वीसपैकी चौदा उगवल्या तर ७० टक्के. प्रमाणित कांदा आणि टोमॅटो बियाण्याला कायद्याने किमान तेवढीच उगवण लागते.

बीची चिकाटी कुठवर जाते याची काही उदाहरणं मनात ठेवण्यासारखी आहेत. विल्यम बील यांनी १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तणांच्या बिया वाळूत मिसळून बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या. २०२१ मध्ये त्यातली एक बाटली काढली, तर व्हर्बॅस्कम नावाच्या तणाच्या बिया १४१ वर्षांनी उगवल्या. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्यात सापडलेलं कमळाचं बी सुमारे १३०० वर्षांनी रुजलं. आणि इस्रायलमधल्या मसाडाच्या उत्खननात मिळालेली, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये लावली, तिचं झाड झालं.

पाकिटावरची निळी आणि हिरवी चिठ्ठी म्हणजे काय?

निळी म्हणजे प्रमाणित बियाणं, शासनाच्या यंत्रणेने तपासलेलं. पांढरी पायाभूत बियाण्याची, पिवळी पैदासकार बियाण्याची. हिरवट चिठ्ठी सत्यप्रत बियाण्याची. तिथे उगवण आणि शुद्धतेची हमी विकणाऱ्याची असते. रंग कोणताही असो, चाचणीची तारीख आणि वैधता वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नका.

संकरित टोमॅटोचं बी घरी धरलं तर उगवतं, पण पुढची झाडं एकमेकांसारखी राहत नाहीत. घरचं बी चालवायचं असेल तर गावठी किंवा सरळ वाण घ्या.

द्राक्षाचं बी पेरलं तर वेल येईल का?

थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश यांच्यात पेरण्याजोगं बी नसतंच. फुलात बी धरतं, पण लहान असतानाच त्याची वाढ थांबते. दाणा खाताना कधी कधी जो मऊ पांढुरका कण लागतो, तो त्याचाच अवशेष. बीचं द्राक्ष मिळालं तर ते ओल्या वाळूत फ्रिजमध्ये दोन-तीन महिने ठेवून मग पेरा, काही उगवतील. मात्र येणारा वेल आईसारखा नसेल. म्हणूनच निफाड-दिंडोरीच्या बागांत आधी डॉगरिजचा खुंट लावतात आणि त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरतात. पाहण्यासाठी जरूर लावा, घडांच्या आशेवर नको.

पंचवटीतल्या वडाचं बी उगवता येईल का?

पाच वडांवरून जिचं नाव पडलं, त्या पंचवटीत वडाचं लाल फळ पायाखाली सहज मिळतं. ते फोडून पाहा. आत खसखशीएवढ्या बिया असतात. प्रत्येक बीमागे एक चिमुकली गांधीलमाशी आहे, कारण वडाची फुलं फळाच्या आतच बंद असतात आणि युप्रिस्टिना मॅसोनी ही एकच जात आत शिरून परागण करते. पुढचं काम तांबट, मैना, कोकीळ यांचं. ते फळ खातात आणि बी वाड्यांच्या भिंतींवर, देवळांच्या कळसांवर, दुसऱ्या झाडांच्या बेचक्यात टाकतात. वड उगवतो तिथे, कारण इतक्या बारीक शिदोरीच्या रोपाला गवताच्या दाटीत उजेडच मिळत नाही. उंचावरच्या भेगेत मिळतो.

घरी करायचं तर पिकलेली फळं पाण्यात चोळून गर काढा, बी सावलीत सुकवा, विटांचा चुरा आणि गांडूळखत यांच्या ओल्या मिश्रणावर नुसतं पसरा, वर काच ठेवा. दोन ते चार आठवड्यांत मोहरीच्या दाण्याएवढी पानं दिसतील. पुढे जागेचा विचार करा. वडाला बंगल्याच्या कुंपणाशी लावू नका. गावच्या मोकळ्या जागेत, नदीकाठी, ग्रामपंचायतीला विचारून लावा.

अंजनेरीवरच्या आमरीचं (ऑर्किडचं) बी आणलं तर?

आणू नका. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि आणलेलं बी घरी उगवणारही नाही. आमरीच्या एका बोंडात लाखो बिया असू शकतात, धुळीसारख्या, एकेकीचं वजन काही मायक्रोग्रॅम. शिदोरी त्यांना जवळजवळ नसतेच. त्या रुजतात त्या एका विशिष्ट बुरशीच्या आधारावर, जी त्यांना अन्न पुरवते. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांना हे १८९९ मध्ये उमगलं. पुढे १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय, आमरी उगवून दाखवली. आज बाजारात मिळणाऱ्या आमरीच्या कुंड्या याच वाटेने प्रयोगशाळांतून येतात. अंजनेरीवर पावसाळ्यात जा, झाडांच्या फांद्यांवरची फुलं पाहा, फोटो काढा.

राब भाजतात त्याचा बियांशी काय संबंध?

इगतपुरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या भागांत पावसाआधी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून जाळतात. या उष्णतेने वरच्या थरातलं तणाचं बी मरतं. नागली, वरई, भात यांचं बारीक रोप तणाशी स्पर्धा करायला फार दुबळं असतं, त्याला पहिले तीन आठवडे मोकळी जागा मिळते, मग आवणी, म्हणजे रोपांची शेतात लावणी, होते. काही रानवनस्पतींच्या बियांना धुरातलं एक रसायन उलट उगवायला लावतं, हे २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलं. मात्र राबासाठी झाडांच्या फांद्या तोडल्याने डोंगर उघडे पडतात, ही काळजी खरी आहे. त्यामुळे कृषी विभाग आता गादीवाफ्यावरची रोपवाटिका सुचवतो, आणि जिथे पाणी हाताशी आहे तिथे मलाही तीच बरी वाटते.

मुलांसोबत पहिलं बी कोणतं लावू?

राजगिरा. वाण्याकडचा उपासाचा राजगिरा घ्या, लाह्या नकोत आणि भाजलेला नको. मार्च ते ऑक्टोबरमध्ये कधीही लावा. पसरट कुंडीत माती ओली करून मुलाला चिमूटभर दाणे टाकू द्या, आणि भिंगातून एकदा त्या पिवळट चकत्या दाखवा. तीन-चार दिवसांत लालसर कोंब येतील. दाट आलेले उपटून त्याची कोशिंबीर करा, चार रोपं ठेवा, ती मोठ्या कुंडीत लावा. अडीच-तीन महिन्यांत ती मुलाच्या डोक्याच्या वर जातील आणि तुरे धरतील. तुरा सुकला की कागदावर झटकून दाणे मोजायला बसवा. हजारांत असतील, म्हणून शंभर दाण्यांची एक ढिगली करून बाकीचं ढिगल्यांनी मोजा.